साचेखात्याचे बंद दार

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात एक दृश्य दरवर्षी दिसते. व्याख्यान संपले की मागच्या रांगेतला एखादा गृहस्थ उठतो, वक्त्याला आडवा प्रश्न विचारतो, प्रसंगी वक्त्याची चूकही दाखवून देतो. त्याला कोणी खाली बसवीत नाही. उलट चार माणसे माना डोलावतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या व्याख्यानांचा पायंडा पाडला, आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी तो उचलला. या मोकळेपणाचा आपणां सर्वांना अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे.

पण तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जातो. साहेबांच्या टिपणात हिशेबाची ढळढळीत चूक त्याला दिसते, आणि तो गप्प बसतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कोणी टाकून बोलले, तो खाली मान घालून कागद चाळू लागतो. रात्री मांडवात शूर असणारा हा माणूस सकाळी भित्रा का होतो? माणूस तर तोच आहे. फरक आहे तो जागेचा. मांडवात त्याची भाकरी कोणाच्या हातात नसते. कचेरीत ती असते.

अलीकडे व्यवस्थापनशास्त्रात या गोष्टीला 'मानसिक सुरक्षितता' असे नाव मिळाले आहे. हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांच्या १९९९ सालच्या निबंधाने तो शब्द प्रचारात आणला. त्याआधी रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. ज्या तुकड्या चांगल्या म्हणून नावाजलेल्या, त्यांच्याच नावावर चुका अधिक नोंदलेल्या होत्या. त्यांनी याचा उलगडा असा केला की, त्या तुकड्यांत चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तेथील परिचारिका चूक सांगावयास भीत नव्हत्या. शब्द नवा खरा, परंतु त्यामागचा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला फार जुना आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी धगधगत होता. त्या प्रश्नाची दोन अंगे होती : कामाच्या जागी आत कोणाला येऊ द्यावयाचे, आणि आत आलेल्याला तोंड उघडता येते काय? या दोन अंगांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे आम्हांस आज पाहावयाचे आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभारावयास घेतली आणि १८५६ साली ताडदेवला ती चालू झाली. मग पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आणि कोकणातून माणसे आली. कुणबी आला, मराठा आला, महार आला, मुसलमान विणकर आला. गावात ज्यांची विहीर एक नव्हती, ते एका भोंग्यावर उठू लागले आणि एका फाटकातून आत जाऊ लागले. यंत्राला जात कळत नाही, तेव्हा यंत्राच्या संगतीने माणसेही जात विसरतील, असे पुष्कळ सुशिक्षितांना तेव्हा मनापासून वाटे.

फाटकाच्या आत मात्र राज्य यंत्राचे नव्हते, ते जॉबरचे होते. कामगाराला कामावर घेणारा जॉबर, काढणारा जॉबर, बढती देणारा जॉबर. पुष्कळदा अडीअडचणीला व्याजी पैसा देणाराही तोच, आणि चाळीत खोली मिळवून देणाराही तोच. नोकरी मिळाली तर त्याला दस्तुरी द्यावयाची, टिकली तरी द्यावयाची. स्त्रियांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. शिवाय रोज सकाळी फाटकाशी बदली कामगारांचा घोळका उभा असे; कोणाचा खाडा झाला की त्यांतला एक आत घेतला जाई. आतल्या माणसाच्या तोंडाला कुलूप घालावयास हे दृश्य पुरेसे होते. तक्रार करावयाची तर ती जॉबरविरुद्ध, आणि ऐकून घेणारा पहिला माणूसही जॉबरच! अशा जागी धीट माणूससुद्धा गप्प राहावयास शिकतो.

ही मुकी गर्दी प्रथम बोलती केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी गिरणीत स्टोअरकीपरचे काम केले होते, त्यामुळे आतली हकिगत त्यांना ऐकीव नव्हती. १८८० पासून ते 'दीनबंधु' पत्र चालवू लागले. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता. प्रौढ कामगाराला त्याने काहीच दिले नाही. कामगार तर तक्रार करीत नाहीत, मग कायदा कशाला, असा युक्तिवाद त्या काळी होत असे. लोखंड्यांनी याला सभेने उत्तर दिले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरली. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला, आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या.

आज सहीचे आपणांस काही वाटत नाही. पण ज्याची रोजी जॉबरच्या मर्जीवर आहे, त्याने आपले नाव कागदावर घालणे म्हणजे काय असते, याची कल्पना करून पाहावी. एकट्याने घातले तर ते नाव म्हणजे आपल्याच बडतर्फीचा हुकूम. साडेपाच हजारांनी घातले म्हणजे मालकाला काढावयाचे कोणाला हाच प्रश्न पडतो. एकेकाची भीती सर्वांत वाटली गेली म्हणजे हलकी होते, हे लोखंड्यांनी ओळखले होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया भाषणास उभ्या राहिल्या. ज्या काळी घरातल्या बैठकीतही बायका पुढे येत नसत, त्या काळी दहा हजारांच्या सभेत त्या बोलल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी निवांत बसतो, त्या निवांतपणामागे ही सभा आहे.

येथवरची कथा मालक आणि मजूर यांची आहे, आणि ती सांगावयास सोपी आहे. पुढची कथा मजूर आणि मजूर यांची आहे. ती सांगताना जीभ अडखळते, परंतु ती टाळून चालणार नाही.

कापडगिरणीत सूतकताईची खाती वेगळी आणि विणाईचे खाते वेगळे. विणाईच्या मागाला गिरणीत साचा म्हणत, आणि त्या खात्याला साचेखाते. तेथे कसब अधिक लागे आणि पगारही कताई खात्यापेक्षा चांगला मिळे. या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. त्याने रिंगखात्यात काम करावे, झाडलोट करावी, ओझी वाहावीत. मागावर मात्र उभे राहू नये. असा नियम कोणत्या कायद्यात नव्हता आणि मालकाने तो फाटकावर लावलेला नव्हता. तो खात्यातल्या इतर जातींच्या विणकरांनी पाळलेला शिरस्ता होता.

त्याचे कारण असे सांगितले जाई. मागावर आडवे सूत नेणारा जो धोटा, त्याच्या पोटात सुताची कांडी बसविलेली असते. कांडी संपली की नवी घालावयाची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावयाचे. हे झटपट व्हावे म्हणून विणकर त्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढीत असे. सूत ओठांशी येई. धोटा आज याच्या हाती, उद्या त्याच्या. म्हणजे एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. तेव्हा अस्पृश्याने उष्टावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावावे, असा विणकरांचा सवाल होता.

वरवर पाहता हे रूढीचे साधे भोळे गाऱ्हाणे वाटते. पण थोडे खोल गेले की दुसरेच दिसू लागते. धोटा तोंडाने ओढण्याची चाल एकट्या मुंबईची नव्हती; लँकेशायरमध्येही ती होती आणि तेथील कामगार तिला थट्टेने 'धोट्याचे चुंबन' म्हणत. एकाचा रोग दुसऱ्यास होतो म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९११ साली कायद्याने ती बंद केली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तोवर निघालेले होते. म्हणजे अडचण खरोखर उष्ट्याची असती तर धोटा बदलता आला असता. धोटा बदलण्याची मागणी घेऊन विणकर उठले नाहीत. त्यांनी माणूस बाहेर ठेवला. चांगल्या पगाराच्या खात्यात वाटेकरी कमी राहणे त्यांच्या सोयीचेही होते. रूढी आणि सोय एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या म्हणजे त्यांना हलविणे कठीण जाते.

अडाणी मजुरांचा हा दोष, असे म्हणून सुशिक्षितांना सुटता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९१७ साली कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तेथे कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर लांबून कागद फेकीत, आणि त्यांना प्यावयास पाणी मिळण्याचीही पंचाईत होती. गावात राहावयास जागा मिळेना, तेव्हा काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईला सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. जी गोष्ट साचेखात्यात धोट्याची, तीच प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याच्या भांड्याची. बडोद्याच्या बाबतीत आणखी एक विचार मनात येतो. संस्थानने आपल्या पैशाने एक असामान्य बुद्धीचा माणूस तयार केला, आणि कचेरीने त्याला बसू दिले नाही. त्या माणसाचे नुकसान झाले हे तर खरेच, पण संस्थानचे किती झाले?

आता १९२८ सालाकडे येऊ. गिरण्यांत नवी पद्धत आणून एका कामगाराकडे अधिक यंत्रे द्यावयाची, माणसे कमी करावयाची आणि पगारही कापावयाचा, असा मालकांचा घाट होता. त्याविरुद्ध एप्रिलच्या अखेरीस मुंबईत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते, आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकला. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्यासारखे लाल बावट्याचे पुढारी आणि ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ एकत्र येऊन संपसमिती चालली. भर पावसाळ्यात सहा महिने चूल अर्धी पेटलेली असताना माणसे फुटली नाहीत, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या संपाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु त्या एकजुटीत एक भेग होती, आणि बाबासाहेबांनी तिच्यावर बोट ठेवले. अस्पृश्य कामगार उपाशी राहून तुमच्याबरोबर संप करतो; मग संप मिटल्यावर साचेखाते त्याला बंद का? त्याचा हा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर त्याने या संपात राहू नये असा सल्ला मी त्याला देईन, अशा आशयाचे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. पुढारी समतेचे तत्त्वज्ञान सांगणारे होते, तरी त्यांनी फार नाखुषीने ही मागणी घेतली. अस्पृश्यांची बाजू उचलून धरावी तर विणकर बिथरतील, ही त्यांना धास्ती होती. पुढे ती मागणी मालकांपुढे गेली, तेव्हा मालक हसले. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, असे त्यांनी उत्तर दिले. आणि श्रोतेहो, त्या उत्तरात काही खोटे नव्हते! मालकाकडे न्याय मागावयास गेलेल्यांना मालकाने त्यांच्याच घरातला अन्याय दाखवून परत पाठविले.

याचा परिणाम लांबवर गेला. १९२९ साली पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. पुष्कळांनी त्यांना तेव्हा बोल लावला. पण ज्याला तुम्ही संपात भाऊ म्हणता आणि खात्यात परका मानता, त्याने तुमच्या हाकेवर दुसऱ्यांदा आपली चूल का विझवावी, याचे उत्तर त्या टीकाकारांनी दिले नाही. विश्वास ही देण्याघेण्याची वस्तू आहे. एकाच बाजूने ती मागता येत नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हाच विषय विस्ताराने मांडला. कामगाराला भांडवलशाहीबरोबर जातिभेदाच्या वृत्तीशीही झुंजावे लागेल, असा त्यांचा आशय होता. रेल्वेतले त्यांचे एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अस्पृश्याला स्थानकावर पोर्टरची जागा मिळत नसे. का, तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेई, आणि घरात अस्पृश्य चालत नसे. म्हणजे एक गैरवापर दुसऱ्या अन्यायाचे कारण बने. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. दहा वर्षांपूर्वीची भेग बुजली असे नव्हे. पण दुखणे उघड बोलले गेले होते म्हणून एकत्र येणे शक्य झाले, असे आम्हांस वाटते. दडपून ठेवलेल्या गाऱ्हाण्यावर उभारलेली एकी पहिल्या धक्क्याला ढासळते.

मग भीती गेली कशाने? नुसत्या उपदेशाने ती गेली नाही. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला. कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार-अधिकारी नेमावेत, अशी शिफारस त्यात होती. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत सुरू केली, तेव्हा जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने धंदा-व्यवसायात किंवा पाणवठ्यावर अस्पृश्यता पाळणे शिक्षेस पात्र ठरविले. ज्या शिरस्त्याला मालक हसले होते, तो आता गुन्हा ठरला.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच पाहावे. १९२९ साली मुंबई इलाख्यात कामगार स्त्रियांसाठी प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. कौन्सिलात त्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. पण १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांमध्ये सुमारे एक कामगार स्त्री होती, ते प्रमाण पुढे घसरतच गेले. नव्या यंत्रांनी आणि नव्या पाळ्यांनी त्यांची खाती आकसली, आणि त्यांच्यासाठी दुसरे खाते उघडावे असे फारसे कोणाला वाटले नाही. कामाच्या जागी स्त्रीला निर्भयपणे तक्रार करता यावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक नियम घालून दिले ते १९९७ साली, आणि त्याचा कायदा झाला तो २०१३ साली. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार-समिती हवी आणि तिची अध्यक्ष स्त्रीच हवी, असे त्याने ठरविले. महालक्ष्मीच्या मैदानावर त्या दोघीजणी बोलल्या त्याला तोवर सव्वाशे वर्षे होत आली होती.

त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि त्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आपली मुले तेथे संगणकापुढे बसून काम करतात. तेथे धोटा नाही, जॉबर नाही, बदलीचा घोळका नाही. पण आडनाव विचारून मनातल्या मनात खाते ठरविणारे डोळे गेले आहेत काय? जेवणाच्या सुट्टीत कोणाचा डबा कोणाच्या शेजारी उघडतो, हे आपणांस दिसते. कंत्राटावरचा माणूस चूक दिसूनही बोलत नाही, तेव्हा फाटकावरचा तो जुना घोळकाच त्याच्या डोळ्यांपुढे असतो.

या मांडवात बसलेल्यांपैकी कित्येकजण उद्या सकाळी कोणाच्या तरी हाताखाली काम करतील, आणि कित्येकांच्या हाताखाली कोणीतरी काम करील. दुकान असेल, शाळा असेल, बँक असेल, कारखाना असेल. आपले मन किती उदार आहे याची परीक्षा आम्ही कोणाला सांगत नाही. ते ज्याचे त्याला ठाऊक. आपल्या जागेचीच एकदा पाहणी करावी. तेथे माणूस घेण्या-काढण्याचा अधिकार एकाच हातात आहे काय? त्या माणसाविरुद्धची तक्रार त्याच्याच हाती पडते काय? कोणते खाते कोणाला मुकाट्याने बंद आहे, आणि त्याचे जे कारण सांगितले जाते ते धोट्यासारखे बदलता येण्याजोगे तर नाही ना? पाणी पिण्याची भांडी किती आहेत? आणि गेल्या वर्षभरात आपल्या हाताखालच्या कोणी आपली एकही चूक आपल्याला दाखविली नसेल, तर आपले काम निर्दोष आहे असे समजून समाधान मानू नये. साचेखात्यात तरी कोठे कोणाची तक्रार होती?